बाद कागद

द्राक्षांच्या पेटीचा पुठ्ठा चालत नाही.
आधी तोच घेतला होता, ओझरच्या साडूनं दिलेला,
पण त्याच्या पोटात लहरी असतात, दुमडला की कण्हतो,
आणि वरून कितीही पांढरा कागद डकवा,
हिरवा घड उजेडात दिसतोच.

मग भद्रकालीत गेलो, काझी बाइंडरांकडे.
केवढी हवी, म्हणाले. मी हात पसरले.
"हातांवर जाऊ नका. सगळ्यात मोठं चित्र आणा,
त्याच्यावर बोटभर सोडू."

सगळ्यात मोठं चित्र म्हणजे पूर.
दोन कॅलेंडरांची पाठ जोडून काढलेला,
तपकिरी खडू संपेपर्यंत.
दुतोंड्या मारुतीच्या गळ्याशी पाणी
आणि दोन्ही तोंडांना पोहण्याचे चष्मे.
काझींनी लांबी घेतली, रुंदी घ्यायची राहिली.
"नाकात जाईल की पाणी," म्हणाले बऱ्याच वेळानं.

पुठ्ठे त्यांनी कापून दिले, बाकीचं मी घरी केलं.
मैद्याची खळ, झुरळांसाठी चिमूटभर मोरचूद,
पाठीला जुन्या छत्रीचं कापड,
आणि प्रतिभानं न विचारता आणून ठेवलेली
पांढरी नाडी, हातभर लांब.

मी नोटांच्या प्रेसमध्ये आहे.
एकवीस वर्षं कागद मोजतोय.
एक ताव कमी भरला तर शिफ्ट सुटत नाही.
बिघडलेला तावसुद्धा मोजून बाद होतो,
आणि बाद झालेला पुन्हा मोजला जातो.
आणि घरात?
घरातली रद्दी मीच बांधून दिली दोनदा,
एकदा साडेचार किलो भरली.
तिच्यात बालवाडीचं अख्खं वर्ष होतं,
हे मला पावसाळ्यानंतर कळलं, कपाट आवरताना.

रविवारी पंखा बंद करून
जेल रोडच्या आमच्या खोलीभर चित्रं पसरली.
मी प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीनं लिहीत होतो:
यशोधरा, सहा वर्षं दोन महिने, तेव्हा गोवर होता.
यशोधरा, सात वर्षं, मामाचं लग्न, सिन्नर.
ती समोर मांडी घालून बसली होती, साहेबासारखी.
"हे बाद. घोड्याचे पाय चुकलेत."
"हे बाद. हे मी काढलंच नाही, आर्याने काढलं."
मी बाद झालेली मांडीखाली सरकवत होतो.
तिला दिसत होतं. बोलली नाही.

मग एक निघालं.
निळ्या शर्टातला माणूस, पाय फाकलेले, हात वर,
खिसे जिभेसारखे बाहेर.
हा कोण नाचतोय, मी विचारलं.
"नाचत नाहीये. तू आहेस. गेटवर."
जेवताना कधीतरी सांगितलं असेल मी,
हसत हसत, झडती कशी घेतात ते.
आणि मागे हा सूर्य कशाला?
"ते तपासणारे काका. त्यांचं डोकं नीट येईना,
म्हणून सूर्य केला."

पेन्सिल हातात होती.
तारीख लिहिली. वय लिहिलं.
पुढे काय लिहायचं ते सुचेना.
प्रतिभा आतून म्हणाली, पंखा लावू का,
आणि मी नको म्हणालो, कागद उडतील.

नाडीची गाठ यशोनं मारली, बुटाची मारतात तशी.
सोमवारी सकाळी तिनंच ती सोडली
आणि पूर बाहेर काढला.
"शाळेत न्यायचाय."
परत आणशील ना?
"कुणी मागितला तर देऊन टाकीन."
मोजलेला कागद आहे तो, असं ओठांवर आलं होतं माझ्या.

दारात ती थांबली.
गुंडाळी पायाशी ठेवली, पाय फाकले, हात वर केले.
मला उशीर होत होता. तरी वाकलो,
फ्रॉकचे खिसे चाचपले.
डाव्या खिशात खडू निघाला, तपकिरी,
नखाएवढा.

जाऊ दिला.